पॅनल गेले म्हणजे काय गेले?

भिंगारच्या बाजारपेठेत माझ्या मामांचे टीव्ही दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे बसले होते. मामांपुढे एक सपाट पडद्याचा टीव्ही पालथा पडला होता. कुणीतरी पडदा पुसताना भलतेच द्रावण वापरले होते, आणि पुढच्या फिल्मवर जागोजाग पांढरे चट्टे उठले होते. मामांनी कडेला नख घालून ती फिल्म हळूहळू सोलून काढली. एखाद्या उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी ती अखंड निघाली. मग टीव्ही उभा करून त्यांनी बटण दाबले. आवाज आला, पण पडदा पांढराफटक. ना चित्र, ना अक्षर. मला वाटले, मामांच्या हातून टीव्ही बिघडला.

मामा हसले. लॅमिंग्टन रोडवरून मागवलेल्या नव्या फिल्मचा तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, डोळ्यापुढं धर आणि बघ."

मी तो काळसर तुकडा डोळ्यापुढे धरला आणि दचकलेच. पडद्यावर बातम्या चालू होत्या! निवेदिका होती, खालून सरकणारी अक्षरे होती, सगळे रंग होते. तुकडा बाजूला केला की पुन्हा पांढरे. तुकडा फिरवला की चित्र उलटे होई, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काहीच दिसत नव्हते, आणि मला सगळे दिसत होते. महाभारतातील संजयाची आठवण व्हावी असाच तो प्रकार!

वाचकहो, मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाला मी जो नमस्कार केला तो कायमचा, अशी माझी समजूत होती. पण त्या तुकड्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. शिवाय दुसरे एक कारण होते. मामांचा धंदा शिकण्यात पंचवीस वर्षे गेली. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कोणता भाग गेला हे ते नुसत्या वासावरून सांगत. एखादा कपॅसिटर, एखादा ट्रान्सफॉर्मर बदलला, दोन ठिकाणी डाग दिला, की टीव्ही पुन्हा पाच वर्षे चाले. सपाट टीव्ही आले आणि त्यांच्या तोंडी एक नवे वाक्य आले : "पॅनल गेलं." हे वाक्य ऐकले की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो, कारण नव्या पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीइतकी असते. मग तो टीव्ही दुकानाच्या कोपऱ्यातल्या ढिगात जातो. "जी वस्तू माणसानं बनवली ती माणसाला उघडता का येऊ नये?" हा मामांचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला.

तर या पॅनलच्या पोटात असते काय? दोन काचांच्या मध्ये एका विशिष्ट पदार्थाचा अत्यंत पातळ थर असतो. किती पातळ? तीन-चार मायक्रोमीटर, माणसाच्या केसाच्या जाडीचा विसावा भाग धरा. या पदार्थाला 'द्रवस्फटिक' म्हणतात. नावातच वदतोव्याघात आहे. स्फटिक म्हणजे घट्ट, द्रव म्हणजे पातळ. मग दोन्ही एकदम कसे?

ही गोष्ट भिंगारमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या छावणीत जवानांची कवायत चालते. प्रत्येक जवानाची जागा ठरलेली, तोंडाची दिशाही ठरलेली. हा झाला स्फटिक. बाजाराच्या दिवशी पेठेत जी गर्दी असते तीत कुणाची जागाही ठरलेली नाही आणि दिशाही नाही. हा झाला द्रव. आता आषाढातली दिंडी डोळ्यांपुढे आणा. वारकरी मागेपुढे होतात, एकमेकांना ओलांडून जातात, कुणी मध्येच पाणी प्यायला थांबतो; जागा कुणाचीच निश्चित नाही. पण तोंडे मात्र सगळ्यांची पंढरपूरकडे. द्रवस्फटिकातले काडीसारखे लांबट रेणू असे दिंडीत चाललेले असतात. पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याला दिशा असते. आणि दिशा असल्यामुळे प्रकाशावर त्याचा परिणाम स्फटिकासारखा होतो.

हा प्रकार प्रथम ध्यानात आला तो पदार्थविज्ञानाच्या नव्हे, तर वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर हा गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करीत होता. ते संयुग १४५.५ अंश सेल्सिअसला वितळले, पण वितळून गढूळ झाले. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशाला एकदम निवळले. बर्फाला दोन वितळणबिंदू असावेत तसे हे! राइनिट्झरने ऑटो लेमान या जर्मन शास्त्रज्ञाला पत्र लिहून नमुने पाठवले. लेमानपाशी तापवता येणारे सूक्ष्मदर्शक यंत्र होते. त्याने पाहिले आणि 'वाहते स्फटिक' असे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी हे मान्यच केले नाही. नमुन्यात भेसळ असेल, असे त्यांचे म्हणणे. १९२२ साली फ्रान्सच्या जॉर्ज फ्रीडेल यांनी या पदार्थांच्या जाती लावून दिल्या, तेव्हा कोठे वाद मिटला. दिंडीसारखी जी जात मी वर सांगितली तिला ते 'नेमॅटिक' म्हणाले.

त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे हा विषय प्रयोगशाळेतल्या गमतीजमतींतच राहिला. १९३६ साली इंग्लंडच्या मार्कोनी कंपनीने प्रकाशाची झडप म्हणून एक पेटंट घेतले. पण त्यातून वस्तू काही निघाली नाही.

खरी हालचाल झाली ती अमेरिकेतील आरसीए या कंपनीत. रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब याच कंपनीने व्यवहारात आणली होती आणि जगभरातून तिला त्याची रॉयल्टी मिळत होती. १९६२ साली तिच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांना दिसले की, द्रवस्फटिकाच्या पातळ थराला विजेचा दाब दिला तर त्यात पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. मात्र तो पदार्थ शंभर अंशांच्या वर तापवावा लागे. भिंतीवर असा उकळता टीव्ही कोण टांगणार? मग जॉर्ज हाइलमायर या तरुण अभियंत्याने हे काम अंगावर घेतले. त्याच्याबरोबरच्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळे पदार्थ मिसळून साध्या खोलीच्या तापमानालाही चालणारी मिश्रणे बनवली. त्यात वीज सोडली की मिश्रणात खळबळ माजून ते दुधाळ होई, वीज थांबवली की पुन्हा निवळे. या दुधाळपणातून अंक, अक्षरे दाखवता येत. २८ मे १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेऊन आरसीएने हा शोध जाहीर केला. काटे नसलेले घड्याळ त्या दिवशी लोकांनी पाहिले. भिंतीवर तसबिरीसारखा टांगायचा टीव्ही येणार, अशी भाकिते झाली.

आणि मग त्या कंपनीने काय केले? फारसे काही नाही. ज्या घरात पिक्चर ट्यूबचे दुभते जनावर बांधलेले आहे, त्या घरात नवी कालवड कोण सांभाळणार? १९७० साली हाइलमायर आरसीए सोडून गेला. पुढे त्याला मोठमोठे मान मिळाले. २००५ साली जपानचा क्योटो पुरस्कारही मिळाला. पण कंपनीच्या हातून वस्तू निसटली ती निसटलीच.

ती उचलली जपानने. शार्प कंपनीतील टोमिओ वाडा यांनी आरसीएच्या शोधाविषयीचा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. (म्हणजे पिक्चर ट्यूबवरच तिच्या भावी वैऱ्याची ओळख झाली!) त्या वेळी खिशात मावेल असा गणनयंत्राचा छंद जपानी कंपन्यांना लागला होता, आणि चकाकणारे अंक दाखवण्यात सेल पटापट संपत. शार्पने द्रवस्फटिकाचे अंक वापरून १९७३ साली गणनयंत्र बाजारात आणले. ते एका पेन्सिल सेलवर शंभर तास चाले. तत्त्व मात्र अजून तेच, दुधाळपणाचे. त्यात द्रवातून प्रत्यक्ष वीज वाहत असल्यामुळे पदार्थ हळूहळू झिजे. आज आपल्या हातात जे आहे ते याचे वंशज नाही. ते आले दुसऱ्या बाजूने.

आता मामांच्या फिल्मकडे परत येऊ. त्या फिल्मला 'ध्रुवक' म्हणतात. प्रकाश ही लहर आहे आणि ती उभी, आडवी, तिरकी अशी सर्व बाजूंना थरथरत येते. ध्रुवक म्हणजे उभ्या गजांची खिडकी. लाटणे उभे धरले तर गजांतून बाहेर जाईल, आडवे धरले तर अडेल. एक उभ्या गजांची आणि तिच्यामागे एक आडव्या गजांची अशा दोन खिडक्या लावल्या, तर पहिलीतून जे सुटेल ते दुसरीत अडेल. सगळा अंधार. मात्र दोन खिडक्यांच्या मध्ये कुणी लाटणे हळूच पाव फेरा फिरवून दिले, तर ते दुसऱ्या खिडकीतूनही सुटेल. द्रवस्फटिकाचे काम हेच, लाटणे फिरवणे.

ही युक्ती वोल्फगांग हेल्फ्रिख यांना सुचली. तेही त्या वेळी आरसीएतच होते. पण दोन-दोन ध्रुवक लागणार म्हटल्यावर तेथे तिचे स्वागत झाले नाही, असे सांगतात. ते स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला हॉफमन-ला रोश या औषधांच्या कंपनीत गेले आणि मार्टिन शाट यांच्यासह त्यांनी ती सिद्ध केली. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला रेणू काचेवर चिकटून एका दिशेने बसतात. वरच्या काचेवर उभे, खालच्या काचेवर आडवे. मग मधल्या रेणूंना चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखे हळूहळू वळत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रकाश त्या जिन्यावरून वळत उतरतो आणि दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. काचांना तीन-चार व्होल्टचा दाब दिला की पायऱ्या मोडतात, रेणू काचेशी काटकोनात ताठ उभे राहतात, प्रकाशाला वळण मिळत नाही आणि तो ठिपका काळा होतो. दाब कमी-जास्त केला तर राखाडी. वीज वाहत नाही, नुसता दाब असतो. म्हणून मनगटावरचे घड्याळ बटणाएवढ्या सेलवर वर्षानुवर्षे चालते.

मामांनी वरची फिल्म काढली तेव्हा दुसरी खिडकीच काढून टाकली होती. आतल्या प्रत्येक ठिपक्यापाशी लाटणी आपापल्या परीने वळत होती, पण उभ्या आणि आडव्या लाटण्यांतला फरक माणसाच्या डोळ्याला कळत नाही. म्हणून पांढरे. चित्र होतेच, आपल्याला वाचता येत नव्हते इतकेच.

४ डिसेंबर १९७० रोजी हेल्फ्रिख आणि शाट यांचा पेटंट-अर्ज स्वित्झर्लंडमध्ये दाखल झाला. इकडे अमेरिकेत ओहायो राज्यात जेम्स फर्गसन यांनीही हीच रचना स्वतंत्रपणे केली होती. त्यांचा अर्ज गेला २२ एप्रिल १९७१ रोजी. साडेचार महिन्यांचे अंतर! पुढे वकील, दावे, प्रतिदावे. अखेरीस रोश कंपनीने फर्गसन यांचे पेटंटच विकत घेतले आणि त्यांना रक्कम व रॉयल्टीचा वाटा दिला. शोध कोणाचा, याचे उत्तर आजही तुम्ही कोणत्या देशातले पुस्तक उघडता यावर अवलंबून आहे. आम्ही इतिहासाच्या वर्गात 'साधनांची चिकित्सा' शिकतो ती केवळ बखरींना लागू आहे असे नाही, हे मला येथे कळले. माझे मत विचाराल तर कागदावर आधी कोण आले याला मी महत्त्व देईन, आणि कागदावर स्विस आधी आहेत. परंतु फर्गसन यांच्या छोट्या कंपनीने ती वस्तू हातात धरण्याजोगी करून दाखवली, हेही खाली बसवता येत नाही.

एवढे झाले तरी पदार्थ टिकत नव्हते. हवेतला ओलावा लागला की रेणूचा मधला सांधा तुटे. त्याचे औषध मिळाले इंग्लंडमध्ये, आणि त्याची कथा तर नाटकात शोभावी अशी आहे. १९६७ साली जॉन स्टोनहाउस हे ब्रिटिश मंत्री माल्व्हर्न येथील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत आले. रंगीत पिक्चर ट्यूबसाठी आपण आरसीएला जी रॉयल्टी देतो ती काँकॉर्ड विमानाच्या विकासखर्चाहूनही जास्त आहे, असे त्यांच्या कानी आले होते. मग आपणच सपाट पडदा का शोधू नये, असा त्यांचा सवाल. (हेच गृहस्थ १९७४ साली मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून, बुडाल्याचे सोंग करून पसार झाले आणि पुढे ऑस्ट्रेलियात सापडले. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता.) त्यातून हल विद्यापीठाच्या जॉर्ज ग्रे यांना काम मिळाले. ग्रे हे द्रवस्फटिकांवर कित्येक वर्षे एकाकी काम करीत होते. १९६२ साली त्यांनी त्यावर ग्रंथही लिहिला होता, आणि तो विषय निरुपयोगी समजला जात होता. ग्रे यांनी सरळ विचार केला : सांधा कच्चा असेल तर सांधाच काढून टाकावा. दोन बेन्झीन कड्या थेट एकमेकींना जोडल्या, एका टोकाला सायनो गट, दुसऱ्याला कार्बनची शेपटी. १९७२ मध्ये हा रेणू तयार झाला. पाणी, हवा, ऊन कशालाच तो दाद देईना. एकट्याचा टप्पा २४ ते ३५ अंशांचाच होता. म्हणून माल्व्हर्नच्या पीटर रेन्स यांनी गणित मांडून चार भावंडांचे मिश्रण केले आणि ते उणे १० पासून सुमारे ६० अंशांपर्यंत चालू लागले. आपल्या नगरच्या मे महिन्यातही चालेल आणि काश्मीरच्या थंडीतही, असा हिशेब. १९७० नंतरच्या दशकात जी डिजिटल घड्याळे घरोघर आली, त्यांच्या पोटात हे मिश्रण होते.

घड्याळाला सात रेघांत एक आकडा दाखवायचा असतो. चित्राला लाखो ठिपके लागतात. प्रत्येक ठिपक्याला वेगळी तार नेणे अशक्य. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी केली तर एका ठिपक्याला दिलेला दाब शेजाऱ्यांनाही थोडाथोडा लागतो आणि चित्र फिसकटते. हंगेरीत जन्मलेले पीटर ब्रॉडी यांनी अमेरिकेतील वेस्टिंगहाउस कंपनीत यावर तोडगा काढला : प्रत्येक ठिपक्यापाशी काचेवरच एक पातळ ट्रान्झिस्टर बसवायचा, म्हणजे ज्याचे दार त्याच्या हाती. १९७४ च्या सुमारास त्यांनी सहा इंची चौरस पडदा दाखवला. १९७९ साली कंपनीने त्यांचे काम बंद केले. पुन्हा तीच कथा! त्याच वर्षी स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लेकॉम्बर यांनी अस्फटिकी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर काचेवर करून दाखवला, आणि तो लाखोंनी छापता येण्याजोगा होता. जपानी कंपन्यांनी तो उचलला. १९८८ साली शार्पने चौदा इंची रंगीत पडदा तयार केला. पुढच्या सुधारणा, म्हणजे जास्त पीळ, रेणूंना उभे न करता आडव्या पातळीतच फिरवणे, मागच्या नळ्यांऐवजी एलईडी, या मी एका वाक्यात उरकते. नाहीतर संपादक मंडळ माझ्यावर रागावेल.

आता मामांचा प्रश्न. उघडता का येत नाही?

आजच्या साध्या मोठ्या टीव्हीत १९२० गुणिले १०८० ठिपके, आणि प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे ६२,२०,८०० ट्रान्झिस्टर. ते एकाच काचेवर, एकाच वेळी, छायाचित्राच्या पद्धतीने थरावर थर छापलेले असतात. ती काचही साधी नव्हे. खिडकीच्या काचेत सोडियम असते आणि ते ट्रान्झिस्टरला नासवते, म्हणून सोडियमविरहित काच लागते. तिचा पृष्ठभाग कशालाही न टेकता तयार व्हावा लागतो. कॉर्निंग कंपनीची रीत अशी की वितळलेली काच एका लांब पन्हळीतून दोन्ही अंगांनी उतू जाऊ द्यायची. दूध पातेल्याच्या दोन्ही बाजूंनी ओघळावे तशी ती ओघळते, खाली दोन्ही ओघळ एक होतात आणि पडद्यासारखा अखंड तक्ता लोंबत उतरतो. बाहेरच्या बाजूंना फक्त हवा लागलेली असते. ही रीत १९६० नंतरच्या दशकात मोटारींच्या काचांसाठी काढली होती आणि तेथे ती चालली नाही!

रेणूंना दिशा लावण्याची रीत मला सर्वांत आवडली. काचेवर एक पातळ लेप देतात आणि मखमलीसारख्या कापडाने तो एका दिशेने घासतात. बस्स. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रसामग्रीच्या मध्यभागी कापड घासणे! घासलेल्या दिशेने रेणू निमूट झोपतात. पण घासण्याने धूळ आणि स्थिर वीज येते. ज्या शाट यांनी पिळाची रचना दिली त्यांनीच १९९२ साली प्रकाशाच्या साह्याने दिशा लावण्याची पद्धत मांडली, आणि मोठ्या पडद्यांतून कापड मागे हटू लागले.

द्रवस्फटिक आत भरायची पद्धतही अशीच बदलली. पूर्वी दोन काचा कडेने चिकटवून, आतली हवा काढून, एका लहान तोंडातून द्रव शोषू देत. घड्याळाला ते ठीक. मोठा पडदा भरायला दिवस-दिवस लागे. नंतर खालच्या काचेवर मोजून थेंब टाकायचे आणि निर्वातात वरची काच ठेवून दाबायची, ही युक्ती आली. काम तासांवर आले, आणि भिंतभर टीव्ही सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो बराचसा या थेंबांमुळे.

एवढे सारे धुळीचा कण नसलेल्या खोलीत होते. शार्पने २००९ साली साकाई येथे उभारलेल्या कारखान्यात काचेचा एक तक्ता २.८८ मीटर गुणिले ३.१३ मीटर होता. आमच्या दुकानाच्या शटरपेक्षा मोठा. एकदा काचा जुळल्या की त्या पुन्हा उघडण्यासाठी नसतात. मध्ये एक धुळीचा कण शिरला तर तो त्या थराच्या जाडीहून मोठा ठरतो. भिंगारच्या पेठेत तर एसटी गेली की दुकानभर धूळ. मी हे सांगितले तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझा हात कमी पडला असं नाही." त्यांच्या मनात इतकी वर्षे ते होते, हे मला ठाऊक नव्हते.

या सगळ्यात आपण कोठे? शोधता शोधता मी नागपूरला पोहोचले. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा जन्म १९३० चा. १९५१ साली ते नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एमएस्सी झाले. आई सर सी. व्ही. रामन यांची बहीण. नोबेल मिळवणारे, ताऱ्यांचे चंद्रशेखर ते वेगळे. ते रामन यांचे पुतणे, हे भाचे. इंग्रजी पुस्तकांत दोघांनाही एकच शब्द आणि नावही सारखे, त्यामुळे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. हे भाचे बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत गेले आणि १९७१ पासून तेथे त्यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी की, द्रवस्फटिक व्हायला रेणू काडीसारखा लांबट हवा. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी 'प्रमाण' या बंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकात दाखवून दिले की चपट्या, थाळीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. भाकऱ्यांची चवड रचावी तसे ते रेणू एकावर एक बसतात.

ही केवळ विद्वानांची गोष्ट राहिली नाही. पिळाच्या पडद्यात एक दोष होता : बाजूने पाहिले की रंग उडत, काळ्याचे करडे दिसे. जपानच्या फुजी कंपनीने १९९० नंतरच्या दशकात थाळीसारख्या रेणूंची फिल्म बनवली. काड्यांमुळे तिरक्या प्रकाशाला जो फाटा फुटतो, तो थाळ्यांमुळे भरून निघतो. संगणकाच्या असंख्य पडद्यांवर ध्रुवकाबरोबर ती फिल्म चिकटवलेली असे. बंगळुरूच्या शोधाची ती जपानी फिल्म भिंगारच्या दुकानात जुन्या मॉनिटरांवरून मामांनी कितीतरी वेळा सोलून फेकली असेल. चंद्रशेखर २००४ साली गेले.

आणि कारखाने? येथे मात्र मन थोडे खट्टू होते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. एके काळी मराठवाड्यातल्या आणि नगरमधल्या घरांत त्यांचेच टीव्ही. २००५ साली या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसनकडून पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. थॉमसनकडे त्यातला मोठा भाग आला होता १९८० नंतरच्या दशकात आरसीएच्या मालमत्तेतून. म्हणजे ज्या दुभत्या जनावरासाठी आरसीएने द्रवस्फटिकाची कालवड दारात उभी केली नाही, ते जनावर म्हातारे झाल्यावर फिरत फिरत आपल्या गोठ्यात आले! चार-पाच वर्षांतच जगाने पिक्चर ट्यूब टाकून दिली. २०१८ साली व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या एका खरेदीमुळेच गेली असे म्हणता येणार नाही. कर्जाची कारणे अनेक होती. २०१६ साली नागपूरजवळ बुटीबोरीला पॅनलचा कारखाना काढण्याची घोषणा झाली. तो उभा राहिला नाही. आपण मोठमोठ्या कारखान्यांत टीव्ही जोडतो, पण काच बाहेरून येते. अर्थात कारखाना काढला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नाही. साकाईच्या त्या अवाढव्य कारखान्यानेही २०२४ साली टीव्हीचे पडदे बनवणे थांबवले. चीनमधल्या त्याहून मोठ्या काचांपुढे तो टिकला नाही.

मामा आता पॅनलच्या मागे असलेल्या एलईडीच्या पट्ट्या बदलतात, ध्रुवकाची फिल्म बदलतात, पॉवर सप्लाय दुरुस्त करतात. 'पॅनल गेले' म्हणून इतरांनी परत पाठवलेल्या टीव्हींपैकी बऱ्याच वेळा नुसत्या पट्ट्या गेलेल्या असतात. अंधाऱ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारायचा. पुसटसे चित्र दिसले तर पॅनल जिवंत आहे आणि मागचा उजेड गेला आहे असे समजायचे. वाचकहो, तुमच्या घरी तसा टीव्ही असेल तर भंगारात देण्यापूर्वी एवढा प्रयोग जरूर करा.

त्या दिवशीचा टीव्ही नवी फिल्म लावून संध्याकाळी गेला. उरलेला तुकडा मामांनी मला दिला. तो माझ्या इतिहासाच्या वहीत आहे. मधल्या सुट्टीत मोबाईलपुढे तो फिरवून दाखवला की सारा वर्ग गोळा होतो, आणि परवा तर प्राध्यापकही थांबले.